दोन कारखान्यांची कौलं

वाटणीत थोरल्या भावाला, अण्णाला बंगळूरचं, मल्लेश्वरमचं घर मिळालं आणि मला आनेकलजवळच्या खेड्यातलं दोन खोल्यांचं कौलारू. आईचा विषय निघाला तेव्हा अण्णा म्हणाला, "त्या खोपट्यात कशी राहील ती?" ते वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

नव्वदनंतरची ती पहिली-दुसरी वर्षं. दुकान मेहुण्यावर सोपवून मी नोव्हेंबरातच खेड्यात जाऊन राहिलो. संक्रांतीला आईला आणायचं, ते कायमचं. हाताशी एक हिवाळा होता. भिंती खरवडल्या, चुना मारला, आईचे गुडघे दुखतात म्हणून न्हाणीची उंच पायरी फोडली. सकाळी धुक्यात उठताना पाठ धरलेली असायची. अण्णाचं वाक्य आठवायचं आणि पुन्हा कामाला लागायचं.

छपरासाठी गावचा म्हातारा मेस्त्री ठेवला होता. कौलं मात्र मी आणली, एका पाडलेल्या गोदामाची. विकणाऱ्याशी दुपारभर हुज्जत घालून निम्म्या भावात. मेस्त्रीने दोन कौलं उलटी करून पाठीवरचे शिक्के दाखवले.

"सामी, ही दोन कारखान्यांची. याची खाच त्यात बसत नाही."

"सगळी मंगळुरीच ना?"

"सगळी माणसंच असतात, सामी. म्हणून काय एकाची चप्पल दुसऱ्याला होते?"

"काम लांबवायचंय तुला! मला शिकवू नकोस. शून्यातून दुकान उभं केलंय मी."

"सरी, तुम्ही म्हणाल तसं," म्हणत त्याने पंचा खांद्यावर टाकला आणि तो निघून गेला. उरलेलं छप्पर मीच घातलं. कौलं बसली नाहीत तिथं फटींत सिमेंट भरलं.

संक्रांतीला अण्णा आईला घेऊन आला. आईने भिंतीवरून हात फिरवला, न्हाणी पाहिली. "पायरी काढलीस होय रे," म्हणाली. मग ओसरीवर टेकून विचारलं, "मेस्त्रीला नारळ-विडा दिलास ना?"

आमच्याकडे काम संपल्यावर मेस्त्रीला मान दिल्याशिवाय घरात चूल पेटत नाही. मी कोपऱ्यातली शिडी उगाच सरळ करू लागलो.

अण्णा हसला. "याने नारळातही घासाघीस केली असेल."

मी उसळलो. आईने नुसता हात वर केला. "जा, बोलावून आण त्याला. तोवर मी इथंच बसते."

मेस्त्री त्याच्या अंगणात उन्हात बसला होता. मी पुढे केलेल्या नारळाला त्याने हात लावला नाही.

"पावसाळ्यात तुमच्या आईच्या अंगावर गळेल ते छप्पर. त्याचा नारळ मी कसा घेऊ? आधी सगळी कौलं उतरवू. एकाच शिक्क्याची आणा, मग बघू."

"किती दिवस?"

"स्वल्प. थंडी सरेपर्यंत."

जीभ सवयीने वळवळली. पण माझ्यात घासाघीस करण्याचंही त्राण नव्हतं. मी होकाराची मान हलवली.

मी परतलो तेव्हा आई ओसरीवरच बसलेली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी ती अण्णाबरोबर परत निघाली. गाडीत बसताना मात्र अण्णाला म्हणाली, "माझी ट्रंक खाली काढ. ती इथंच राहू दे."

अण्णाने ट्रंक आणून ओसरीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्री छपरावर चढला. मी शिडीखाली उभा राहून, तो वरून देईल ते एकेक कौल हातात घेऊ लागलो.