निळ्या काचांचे दोन चष्मे

हसनभाई मुलाणी काच आधी ऐकायचे आणि मग बघायचे. चंबू फुंकून निवला की ते तो कानाशी धरत, करंगळीच्या नखाने एक टिचकी मारत आणि मान हलवत. मान आडवी हलली की चंबू फुटक्या काचांच्या ढिगात जायचा. मग माझ्यासारखा एम. एस्सी. झालेला माणूस कितीही सांगो की यात काही दोष दिसत नाही. "डोळ्याला काय, कुनीबी फशिवतंय मास्तर. कानाला तेवढं सोपं न्हाई," असं ते म्हणायचे. पहिल्या आठवड्यात मला त्यांचा रागच आला. त्यांनी टाकलेला एक चंबू मी हट्टाने उचलून आणला आणि दिव्यावर ठेवला. तो तडकला आणि आतलं आम्ल माझ्या एकुलत्या एक चांगल्या कोटावर सांडलं. हसनभाई हसले नाहीत. त्यांनी फक्त पाण्याची बादली पुढे सरकवली.

लढाईमुळे परदेशी काचसामान यायचं बंद झालं होतं. आग सोसणारी काच इथेच करावी म्हणून आमचं मुंबईचं विद्यापीठ आणि कामशेतच्या पुढे रुळांना लागून असलेला एक काचकारखाना एकत्र आले, आणि सरकारने त्यासाठी ग्रांट दिली. विद्यापीठाने मला आणि एका साहाय्यकाला पाठवलं. मी लोणावळ्यात खोली घेतली आणि कारखान्याच्या आवारात ग्रांटीच्या पैशातून नवी भट्टी उभी केली. हसनभाई बेडशाचे. रोज चालत यायचे. पोरवयापासून कंदिलाच्या चिमण्या फुंकत आलेला तो माणूस कारखान्याने आमच्या हवाली केला, आणि खरं सांगायचं तर माझं सगळं संशोधन त्याच्या फुफ्फुसावर चाललं होतं.

दोन महिन्यांनी ते म्हणाले, "मास्तर, तुमची ही भट्टी लय पांढरी जळती. निळ्या काचेचा चष्मा मिळंल का? घरी जेवाया बसलो तरी ताटात जाळच दिसतोय."

मी लगेच ग्रांटीच्या कमिटीकडे अर्ज लिहिला. उत्तर आलं की चष्मा हे संशोधनाचं साधन नव्हे, मजुरांची काळजी कारखान्याने घ्यावी. मालकांकडे गेलो. ते म्हणाले, "जुन्या भट्टीवर कधी कुणी चष्मा मागितला नाही. नवी भट्टी तुमची आहे, तेव्हा चष्माही तुमचाच." दोघांचंही म्हणणं कागदावर चोख होतं. मी स्वतः मुंबईहून एक चष्मा आणवू शकलो असतो. सुचलं नाही असं नाही. पण ज्याचं काम त्याने करावं, मी का म्हणून, असा एक मास्तरी ताठा माझ्यात होता. हे लिहिताना आजही लाज वाटते. "पुढच्या वर्षीच्या अर्जात बघू," एवढं सांगून मी मोकळा झालो.

वर्षाअखेरीस ग्रांट पुढे चालू ठेवायची का, हे ठरवायला कमिटी आली. त्या दिवशी हसनभाईंचा धाकटा भाऊ इब्राहिम, तोही कारखान्यातच होता, त्यांच्या खांद्याशी उभा राहिला. फुंकणीच्या टोकावरचा काचेचा गोळा बाहेर आला की तो हळूच म्हणायचा, "पिवळं हाय... पिवळं... आता लाल." मग हसनभाई फुंकर घालायचे. कमिटीतल्या एकाने मला विचारलं, "काही मंत्रबिंत्र म्हणतो का हा?" मी हसलो आणि हसतानाच माझ्या लक्षात आलं की हसनभाईंना रंग दिसत नाही. चंबू मात्र एकही बिघडला नाही. साहेब लोक खूश होऊन भुशीचं धरण बघायला गेले आणि तिथून तुंगार्लीच्या बंगल्यात मुक्कामाला.

मी हसनभाईंना पुण्याला डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन, आणि नंतर तीन आठवडे उताणं पडून राहायचं. मालकांनी तीन आठवडे जागा राखायला नकार दिला. आणि मी काय केलं? "मंजुरी तेवढी हातात येऊ द्या हसनभाई, मग मी मालकांशी भांडतो," असं म्हणालो. मधेच काम थांबलं तर ग्रांट जाईल, ही मला धास्ती. ते म्हणाले, "व्हय मास्तर." त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी ते डोळ्यात सुई घालून पडदा सारणाऱ्या एका फिरस्त्यापुढे बसले. उद्यापासून कामावर जाता येईल, असं त्याने सांगितलं होतं. चौथ्या दिवशी दोन्ही डोळे पुवाने भरले. पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले.

भट्टीवर हसनभाईंच्या जागी इब्राहिम उभा राहिला. मंजुरी आली. पाठोपाठ एक पेटी आली. यंदाच्या अर्जात मी शहाणपणा केला होता: चष्मे मजुरांसाठी न मागता संशोधकांसाठी मागितले होते. पेटीत दोन चष्मे निघाले, एक माझा, एक माझ्या साहाय्यकाचा.

माझा घेऊन मी बेडशाला गेलो. हसनभाई ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्मा चाचपला, कानाशी नेला, नखाने टिचकी मारली.

"काच चांगली हाय. इब्राहिमला हाय का असला?"

"दोनच आलेत," मी म्हणालो.

"कागदात त्याचं नाव न्हाई, व्हय ना?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मग ह्यो त्याला द्या. अन् फुडल्या कागदात भट्टीवरल्या मानसाचं नाव आदी घाला."

पुढच्या अर्जात संशोधकांच्या यादीत मी पहिलं नाव इब्राहिम मुलाणी असं लिहिलं. त्यावर लाल रेघ मारून कागद परत आला. मी तसाच पुन्हा लिहून पाठवला. दुसऱ्यांदा कागद आला नाही, ग्रांट बंद झाल्याचं पत्र आलं.

मुंबईला परतण्याआधी हसनभाईंचा निरोप घ्यायला गेलो. भट्टी विझवली म्हणून सांगितलं. त्या माणसाने डोळे घालवून उभी केलेली काच मी घालवली होती.

"इब्राहिम कुटं लागला?" त्यांनी विचारलं.

"रेल्वेत. रुळांच्या कामावर."

 त्यांनी हाताने शोधून माझा हात धरला.

"बरं झालं मास्तर. त्याचं डोळं तर ऱ्हायलं."