पितृपक्षात घेतलेलं घड्याळ

मोबाईलवरच्या जाहिरातीत ‘तीन वर्षं जुनं, पण न वापरलेलं’ असं लिहिलं होतं, म्हणून मी ते स्मार्टवॉच घ्यायला दुसरबीडला गेलो. विकणारा साठीचा गृहस्थ होता. स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात बसून तो रुमालानं खोका पुसत होता. खोक्यावर धूळ नव्हती.

“तीन वर्षांत सीलही फोडलं नाही?” मी विचारलं.

“बायकोसाठी आणलं होतं. डॉक्टर म्हणे, ठोके पाहत जा.” तो खोक्याकडेच बघत होता. “पण आणलं तवा पितृपक्ष लागला होता. मीच म्हटलं, पाखात नवी वस्तू नको, घटस्थापनेले बांधू. आम्ही थांबलो. ती नाही थांबली.”

मी पैसे दिले आणि खोका पिशवीत टाकायला लागलो, तर त्यानं माझा हात धरला.

“घरी नेऊन ठेवू नका, भाऊ. इथंच बांधा.”

बॅटरी पार उतरली होती. हॉटेलातच चार्जिंगला लावून आम्ही अर्धा तास चहा घेत बसलो. मग फोनला जोडून मी ते मनगटावर बांधलं. मागचा हिरवा दिवा लुकलुकला आणि आकडा उमटला, ब्याऐंशी.

त्यानं चष्मा सारखा केला आणि माझं मनगट धरून तो वाचला. माझी देऊळगाव राजाची गाडी लागली, तरी त्यानं ते सोडलं नाही.

“असंच दिसलं असतं,” तो म्हणाला.

ठोके माझेच होते. तरी दुसऱ्याचं काहीतरी उचलून नेत असल्यासारखा मी खाली मान घालून गाडीत चढलो.