तात्यांचं व्यासपीठ

मला चार माणसांत बोलायला शिकवलं ते तात्यांनी, आणि तेही पुठ्ठ्याच्या खोक्यावर उभं करून. बोलणं चुकलं की खोका उघडायचा.

तात्या कुडाळकडचे, आखातात शुऐब्याच्या कारखान्यात आमचे फोरमन. नव्वदच्या दशकात आमच्या खोल्यांतून कोणी कायमचा गावी निघाला, की त्याच्या खोक्यात ब्लँकेट, इस्त्री, अत्तर, दुधाची पावडर असं काय काय कोंबलं जाई. झाकण बसत नसे. मग एकाने वर उभं राहायचं, दोघांनी दोरी आवळायची आणि उभ्या माणसाने निघणाऱ्याबद्दल दोन शब्द बोलायचे. नाहीतरी उभा आहेच, असा तात्यांचा हिशेब.

मी घरातला पहिला पदवीधर, परभणीकडचा, शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस घेतलेला. पहिल्याच वेळी हात उंचावून म्हणालो, "आदरणीय व्यासपीठ!" व्यासपीठ करकरलं. दोरी धरणारे खो खो हसले, त्यांचे हात सुटले आणि मी गुडघ्यापर्यंत दुधाच्या पावडरीत.

"झिला," तात्या म्हणाले, "हात अडकलेल्या माणसाक हसवू नये. गाठ बसूंदे, मगे हसय."

त्यांची शिकवण एवढीच. गाठ बसेपर्यंत साधी गोष्ट सांगायची, नजर दोरीवर ठेवायची, आपण हसायचं नाही. दोरी संपली की भाषण संपलं. रत्नागिरीचे हमीदभाई दुसरं टोक धरत आणि म्हणत, "ग्रॅज्युएट, जरा जेवत जा. झाकण दबत नाही तुझ्याने."

मग तात्यांचीच निघायची वेळ आली. "माका रडयलंस तर याद राख," त्यांनी आधीच बजावलं. मी आठवडाभर भाषण घोकलं. शुक्रवारी सगळे जमले. आपल्या खोक्याची दोरी तात्यांनी स्वतः धरली. मी बोललो, गाठ बसली, मग विनोद केला. खोली हसली. तात्या मात्र खिसे चाचपत होते. कंपनीने सकाळीच परत दिलेला पासपोर्ट त्यांनी जपून ठेवला होता. खोक्यात, तळाशी, इस्त्रीखाली.

दोरी सोडली, पासपोर्ट काढला, सामान पुन्हा कोंबलं.

"चढ. बोल."

"तात्या, माझं भाषण संपलं."

"दोरी खय संपली?"

मी चढलो. डोक्यात काही नव्हतं. समोर दिसत होतं तेच बोललो. "मंडळी, उद्या विमानतळावर अधिकारी विचारेल, पासपोर्ट कुठे आहे? तात्या त्याला सांगतील, थांब झिला, आधी गाठ बसूंदे!"

तात्यांनी ओठ आवळले. खांदे हलू लागले. मग ते असे हसले की दोरी त्यांच्याच हातातून सुटली आणि मी पुन्हा पावडरीत.

"रडयलंस मेल्या," डोळे पुसत ते म्हणाले.

पुढे काही वर्षांनी मी त्यांना कुडाळला पत्र पाठवलं:

तीर्थस्वरूप तात्या, साष्टांग नमस्कार.

काल इथल्या मराठी लोकांच्या कार्यक्रमात बोललो. खरंखुरं व्यासपीठ होतं, माईक होता. लोक खूप हसले. पण सगळ्यांचे हात मोकळे होते, त्यामुळे मला त्यात फारसं काही वाटलं नाही.

आपला,
पावडरीतला ग्रॅज्युएट