काकींच्या नारळावर माझं गाऱ्हाणं

परवा मंगळवारी धामापूरला भगवतीच्या देवळात माझी मोठी पंचाईत झाली. देवीसमोर हात जोडून उभा राहिलो आणि काय मागायचं तेच सांगता येईना...

आधी थोडं मागचं सांगतो. तीन वर्षं मी तंबूतल्या टुरिंग टॉकीजबरोबर फिरत होतो. काम एकच... जीपमध्ये बसून भोंग्यावरून गावोगाव सिनेमाची जाहिरात ओरडायची. महिन्यापूर्वी एका सकाळी उठलो, तर मालक तंबू गुंडाळून टेम्पोत घालत होते. म्हणाले, "आता लोक व्हिडिओ बघतात. तू पण घरी जा." एवढंच. मी चहाचा कप हातात धरून तसाच उभा.

घरी तारकर्लीला आलो. काम शोधत मालवणातली दुकानं फिरून झाली, एसटीचं कॅन्टीन झालं, एक छापखाना झाला. छापखान्याच्या मालकांनी वाचता येतं का बघायला एक मजकूर पुढे केला. मी तो सवयीने भोंग्यावरच्या आवाजात वाचला. ते दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाले, नंतर कळवतो.

घरी वहिनी भात वाढताना वर बघायची नाही. शेवटी दादा म्हणाला, "सोमवारपर्यंत हयसर काय मेळता ता बघ. नायतर गाडयेत बस आणि मुंबैक मामाकडे जा." मला मुंबईला जावंसं वाटत होतं असंही नाही... आणि जाऊ नये असंही नाही. दिवसभर नुसतं डोकं गरगरायचं.

आई म्हणाली, देवीला गाऱ्हाणं घाल. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे गुरव तुमची अडचण देवाला मोठ्याने सांगतो आणि बाजूला उभे असलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मोठ्याने! म्हणजे आपल्या गावात घातलं की संध्याकाळपर्यंत साऱ्या किनाऱ्यावर बातमी. म्हणून मी सायकल काढली आणि लांब धामापूर गाठलं.

तिथे तळ्यावर एक खंड्या बसला होता. काय निळा रंग त्याचा! तो सूर मारतो कधी, हे बघत मी अर्धा तास पायरीवर बसलो. त्याने काही सूर मारला नाही, मी मात्र नारळ पायरीवरच विसरून देवळात गेलो.

"नारळ खंय?" गुरवबाबांनी विचारलं. परत गेलो तर पायरीवर नारळ नाही. रिकाम्या हाताने देवळात आलो, तर शेजारी मालवणच्या एक काकी उभ्या होत्या, टोपलीतून गावोगाव मासे विकणाऱ्या. टोपली त्यांनी बाहेर झाडाखाली झाकून ठेवली होती. त्यांनी आपला नारळ माझ्या हातात दिला. "घे रे. माझा काय, मी फुडच्या खेपेक घालीन."

"नारळ तिचो आणि गाऱ्हाणा तुझा... बरा, चलात," गुरवबाबा म्हणाले. "काय मागू?"

"काम."

"खंयचा काम?"

"कुठलंही."

"कुठलाय नावाचा काम देवीकडे नसता, बाबा. मुंबैत काय हयसर?"

"दादा म्हणता..."

"दादाचा ऱ्हवांदे. तुझा सांग."

 मग मागचे लोकच सुरू झाले. एक म्हणाला, पोस्टात माग. दुसरा माझं शिक्षण विचारून म्हणाला, सातवीवाल्याक पोस्टात कोण घेता, एसटीत माग. दोघांची तिथेच जुंपली. काकी ओरडल्या, "अरे, त्येका इचारा तरी, त्येका येता काय ता!"

"माका... ओरडाक येता," मी म्हटलं.

देऊळ हसलं. काकी म्हणाल्या, "मगे भायर जावन ओरड बघया!" आता माघार कशी घेणार? पायरीवर उभा राहिलो आणि पोटातून आवाज काढला, "पाहायला विसरू नका! आज रात्री ठीक साडेनऊ वाजता!" काकींच्या टोपलीवर टपलेले कावळे एकदम उडाले.

गुरवबाबांनी हसू आवरलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "गे माये भगवती, हो तारकर्लीचो झील तुझ्या पायाकडे इलो आसा. ह्येचा काम गेला. नवीन काय व्हया ता ह्येका म्हायत नाय, आमकाय म्हायत नाय. ता आधी कोणाच्या तरी टकल्यात घाल आणि ह्येका मार्गाक लाव गे माये!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सगळ्यात मोठ्याने मीच.

बाहेर काकींच्या डोक्यावर टोपली चढवायला हात लावला. टोपली डोक्यावर बसली, तशा त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी मालवणच्या बंदरार ये. आमच्या लिलाववाल्या तात्यांचो घसो बसलो हा. भाव कोणाक आयकाक येना, रोज भांडणा..."

काल गेलो, आज पण गेलो. तात्या कानात आकडा कुजबुजतात, मी तो बंदरभर पोचवतो. काल सवयीने सुरमईच्या ढिगावर "आज शेवटचा खेळ!" असं ओरडून गेलो. बायका हसून हसून वाळूत बसल्या. जाताना तात्यांनी चार बांगडे हातात दिले. घरी वहिनीने ते घेतले आणि वर बघितलं...

ही नोकरी आहे का, मला माहीत नाही. तात्यांचा घसा मोकळा झाला तर पुढे काय, तेही माहीत नाही. पण आज दादाने विचारलं, "सोमवारच्या गाडयेचा काय?" आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "सोमवारी सकाळी लिलाव आसा." बोलल्यावर मीच दचकलो. इतकं सरळ उत्तर मी महिन्याभरात कोणाला दिलं नव्हतं.

माझ्या डोक्यात देवीने अजून काही घातलेलं नाही. घातलं ते काकींच्या डोक्यात. बरोबरच आहे म्हणा... नारळ त्यांचा होता.