शेवग्याचं आळं

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती असेपर्यंत धीर झाला नाही, आणि ती गेल्यावर सांगायला दुसरं कोण होतं? तुम्हाला का सांगतोय, मलाही नीटसं कळत नाही — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच पुरेसं असावं.

गोष्ट चौकातल्या कोब्याची आहे. हसू नका. लालबागच्या आमच्या चाळीला मधोमध चौक आहे, आणि त्यातल्या शहाबादी फरश्या इतक्या उखडल्या होत्या की कुणाचा तरी पाय मुरगळायचाच. काँक्रीटचा कोबा घालायचं ठरलं. मी कमिटीचा सेक्रेटरी. सगळं मापात, सगळं सरळ, असा माझा खाक्या — कपडे वाळत घालताना चिमटेसुद्धा मी एका रंगाचे लावतो. बायको कंटाळायची.

कामासाठी समोरच्या सुलोचना वहिनींनी भाचा सुचवला, सुधाकर. शिकायला गावाहून आला तो वहिनींच्याच खोलीत वाढला. त्यांना मूल नव्हतं, नवरा लवकर गेला. तोंडी दिवसभर 'आमचो सुधा'. आता तो नायगावला राहून बांधकामाची लहानसहान कामं घ्यायचा. आपल्याच चाळीचं काम त्याला मिळालं, याचा वहिनींना कोण आनंद.

चौकाच्या कोपऱ्यात, माझ्या खिडकीखाली, त्यांच्या नवऱ्याने लावलेला शेवगा होता. चाळ बहुतेक मालवणी. गोकुळाष्टमीला घरोघरी आंबोळ्या आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी व्हायलाच हवी, आणि पाला सगळ्यांना ह्याच झाडाचा. वहिनी सकाळीच फांद्या काढून घ्यायच्या, पाला निवडायच्या आणि ताटं भरून दारोदार स्वतः द्यायच्या. एकट्या बाईला चाळीत एवढा मान होता तो कशाने? त्या सकाळीने, असं मला वाटतं. म्हणून सभेत एकमताने ठरलं — झाडाभोवती मातीचं आळं सोडायचं, पाणी मुरायला.

मला ते झाड नको होतं. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंट चढायचे, खिडकीतून आत यायचे. पिवळा पाला वर्षभर गळायचा. पण ही सगळी निमित्तं — खरं सांगू? मला तो कोबा भिंतीपासून भिंतीपर्यंत अखंड हवा होता.

वहिनी पुतणीच्या लग्नाला गावी गेल्या होत्या. काम कोपऱ्यापर्यंत आलं, तेव्हा मी सुधाकरला बाजूला घेऊन सांगितलं की सभेचं ठरलेलं बदललंय, आळं बुजव. आत्याला माहीत आहे ना, त्याने विचारलं. मी हो म्हटलं. फोनवर बोलणं झालंय, असंही वर घातलं. त्याने का विश्वास ठेवू नये? लहानपणी त्याची गणितं मी घेतली होती. काँक्रीट खोडाला टेकलं.

वहिनी परतल्या त्या हातातली पिशवी न ठेवताच झाडापाशी गेल्या. सुधाकरला बोलावून घेतलं, आणि त्याने जे घडलं तेच सांगितलं. त्या माझ्या दारात आल्या. तो मागे उभा होता.

"भावजी, आळा बुजवूक तुमी सांगितलात?"

किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर चिडल्या असत्या, थोडे दिवस बोलल्या नसत्या, छिन्नी-हातोड्याने आळं पुन्हा मोकळं झालं असतं. पण शेजारी दारादारांत येऊन उभे होते, आणि मी — सगळ्यांची भांडणं सोडवणारा — सभेचं नाव घेऊन खोटं बोललो होतो.

"मी कशाला सांगीन, वहिनी?" मी म्हणालो. "काम लवकर उरकायचं असेल त्याला."

सुधाकर भांडला नाही. आत्ता फोडून देतो म्हणाला, तर मीच अडवलं — आता हात लावलास तर सगळ्या कोब्याला तडे जातील. तडे जातात की नाही, मला माहीतही नव्हतं. मला तो अखंड हवा होता. तेव्हाही.

वहिनींनी त्याला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. झाडापेक्षा त्यांना हे लागलं की त्याने स्वतःच्या चुकीचं खापर माझ्यासारख्या माणसावर फोडलं. आसपासच्या चाळींतही मग त्याला कुणी काम दिलं नाही. शेवगा हळूहळू वाळला. तोडायला माणूस मीच आणला. पुढे गोकुळाष्टमीला वहिनी बाजारातून पाला आणायच्या, आणि पहिलं ताट माझ्याकडे. मी ते खाल्लं. दरवर्षी खाल्लं.

गेल्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. मी रोज पेपर वाचून दाखवायला जायचो. नानांसारखा शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं लोक म्हणायचे. एका दुपारी त्यांनी मला विचारलं, सुधाला बोलवू का? मला का विचारावं? तर त्यांच्या लेखी अपमान माझा झाला होता. मी पेपराची घडी घातली आणि म्हणालो, बघा, तुमची इच्छा. तो आला असता, उशाशी बसला असता, आणि मग काय काय निघालं असतं — मी त्याला भ्यालो. वहिनी माझा सूर समजल्या. त्यांनी बोलावलं नाही.

अग्नी सुधाकरनेच दिला. केस पिकलेत त्याचे. तेरावं झाल्यावर तो खोली आवरायला आला आणि जाताना माझ्या दाराशी थांबला. मला वाटलं, आता बोलेल. चाळीसमोर बोलला असता तर मी मान खाली घातली असती — की तेव्हाही नाकारलं असतं?

त्याने विचारलं ते वेगळंच.

"नाना, आत्याने शेवटी माझं नाव काढलेलं काय?"

काढलं होतं. पण ते सांगायचं तर मी काय उत्तर दिलं तेही सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "नाही."

तो बरं म्हणाला, आणि गेला.