अंजनाच्या हाताचा कोयता

राधाकिशन हे नेकनूरच्या पलीकडील आमच्या गावचे शेतकरी. त्यांची जमीन थोडी व हलकी होती; परंतु लोखंडाची पारख त्यांच्याइतकी गावात दुसऱ्या कोणालाही नव्हती. ऊसतोडीस निघालेला मनुष्य कोयता विकत घेण्यापूर्वी त्यांना बाजारात सोबत नेत असे. ऊसतोडीचा कोयता केवळ ऊस तोडण्याकरिता नसतो. फडावर पोहोचल्यावर त्यानेच राहण्याच्या कोपीच्या मेढी तासाव्या लागतात, सरपण फोडावे लागते, बैलाचा खुंटा टोकदार करावा लागतो. परक्या माळावर कोयता मोडला तर मनुष्य उघडा पडतो, असे राधाकिशन सांगत.

महाग कोयता चांगला असतोच, हे त्यांना मान्य नव्हते. पात्याचे लोखंड मुठीच्या आरपार गेलेले आहे की नाही, हे ते प्रथम पाहत. अर्ध्यात थांबलेले पाते पहिल्याच ओल्या खोडावर डुगडुगू लागते. नंतर पाते नखाने वाजवून कानाजवळ धरत. आवाज बसका आला की कोयता खाली ठेवत.

आश्रुबा नावाचे त्यांचे मित्र एकदा भर बाजारात म्हणाले, "राधाकिशन, बायको बी अशीच वाजवून आनली व्हय बे?"

"बायको बापानं निवडली, म्हनून तर टिकली," राधाकिशन म्हणाले. दुकानदारही हसला.

बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी कधी ऊस तोडला नव्हता, त्या घरांनाही कारखान्याची वाट धरावी लागली. तेव्हा गावच्या सहकारी सोसायटीने सर्वांकरिता एकत्र कोयते आणण्याचे ठरविले. चेअरमन सुंदरराव राधाकिशन यांना म्हणाले, "तुमी म्हनाल त्यो माल. पन गरिबाला झेपला पायजे." राधाकिशन यांनी बीडला जाऊन दुकाने पालथी घातली व एका जातीचा कोयता निवडला. तो स्वस्त होता, आरपार होता आणि वाजत चांगला होता. सर्व कोयते एकाच साच्याचे होते. पात्याला धार एकाच अंगाने काढलेली होती, ती उजव्या हाताकरिता. गावाने त्यांची वाहवा केली. त्या दिवशी ते फार आनंदात होते.

त्यांच्या धाकट्या भावाचे नाव बंकट आणि बंकटच्या पत्नीचे नाव अंजना. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भाया म्हणतात. भायासमोर धाकटी सून पदर पुढे ओढते व बोलत नाही; भायाही तिच्याकडे पाहत नाही. तिला काही सांगावयाचे असल्यास ती जावेच्या तोंडून सांगते. अंजना त्या घरात नांदू लागून पुष्कळ वर्षे झाली होती. ती भाकरी कोणत्या हाताने थापते, हे राधाकिशन यांना ठाऊक नव्हते. पाहणे हेच मर्यादेला सोडून होते.

कोयते वाटले गेले त्या दिवशी राधाकिशन यांच्या पत्नी केसरबाई त्यांना म्हणाल्या, "अंजी डावरी हाय. तिला घिसाड्याकडून डाव्या धारेचा करून द्या म्हंती."

"सोसायटीचा माल म्या निवडला, आन माझ्याच घरची बाई दुसरा कोयता घिऊन चालली, तर लोक काय म्हनतील?"

"लोकं ऊस तोडाया येनार हायती का तिच्याजागी?"

"हात बदल म्हनावं. सवयीनं समदं हुतं."

दाराआड अंजना उभी होती. तिने ते ऐकले.

तिने आज्ञा पाळली. फडात ती उजव्या हाताने तोडू लागली आणि डाव्या हाताने ऊस धरू लागली. तिचा घाव कधी बुडख्यावर पडे, कधी वर. बंकट म्हणाला, "डाव्यानंच तोड, दादाला कोन सांगतंय?" ती म्हणाली, "डाव्यानं धार उलटी सरकती. आन भायांचा सबूद मोडायचा न्हाई." पौषातल्या दवाने पाचट निसरडे झाले होते. घाव उसावरून घसरला आणि तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे गेली.

राधाकिशनही त्या वर्षी तोडणीस आले होते व शेजारच्या सरीत होते. धोतराचा सोगा फाडून त्यांनी बंकटकडे फेकला. स्वतः तिचा हात धरला नाही. गाडी दवाखान्याकडे गेल्यावर ते तो कोयता पुसत बसले. त्यात कोणताही दोष नव्हता. दोष असता तर त्यांना थोडे बरे वाटले असते.

अंजना बरी झाली, परंतु टोळीच्या मुकादमाने बंकटला बजावले, "पुढल्या साली बायकोला कोयता धरता आला तर ये. न्हाईतर दुसरा जोडीदार बघ." तोडणी दोघांच्या जोडीने चालते; दुसरा जोडीदार म्हणजे कमाई वाटून देणे, आणि त्यांच्या घरात लहान मुले होती. तेव्हापासून राधाकिशन यांच्या जेवणावरची वासना उडाली. ते केसरबाईंना म्हणत, "तिनं मला शिव्या द्याव्या." केसरबाई म्हणत, "तिला बोलाया तुमी जागा कुटं ठिवली?"

पुढल्या दसऱ्याच्या अगोदर गावाबाहेर फिरत्या घिसाडी लोहारांची पाले पडली. राधाकिशन यांनी म्हाळू घिसाड्याकडून गाडीच्या कमानीच्या पाट्याचा कोयता घडवून घेतला. धार डाव्या हाताची काढविली. भाता त्यांनी स्वतः ओढला. तो कोयता आणून त्यांनी अंगणात जमिनीवर ठेवला व पाठ फिरवून उभे राहिले.

अंजनाने तो उचलला, हवेत फिरविला आणि परत खाली ठेवला. ती केसरबाईंना म्हणाली, "बाई, भायांना म्हनावं, धार डावी हाय, पन मूठ माझ्या हाताची न्हाई. तीन बोटांत फिरती."

राधाकिशन हे ऐकत होते. त्यांनी पुन्हा तिला न विचारता निवड केली होती. माझ्या मते, बोटे गेली त्या दिवसापेक्षाही त्यांना या क्षणी अधिक लाज वाटली असावी. ते वळले आणि त्यांनी प्रथमच तिच्या हाताकडे पाहिले.

"अंजना, चल घिसाड्याकडं."

ओट्यावर बसलेले आश्रुबा म्हणाले, "ऑ? भाया आन सून संगंच? गावाला तमाशा नगं का मग!"

"बघू दे गावाला. तू बी चल," राधाकिशन केसरबाईंना म्हणाले.

तिघे निघाले. अंजनाचा पदर डोक्यावर होता, परंतु तोंडावर नव्हता. पालात म्हाळूने तिचा हात मागितला. तिने तो पुढे केला. मूठ बारीक तासून शेवटी बोंड ठेवावयाचे, म्हणजे मूठ हातातून निसटत नाही, हे तिनेच सांगितले. म्हाळूला दुसरे काम होते, म्हणून कानस राधाकिशन यांनी घेतली. थोडे घासून त्यांनी कोयता तिच्यापुढे जमिनीवर ठेवला. तिने जवळच्या बाभळीच्या फांदीवर घाव घातला. फांदी तुटली, पण कोयता मुठीत वळला.

"बसली का हातात मूठ?" त्यांनी तिलाच विचारले.

तिने केसरबाईंकडे पाहिले. केसरबाई मुद्दाम दुसरीकडे पाहत राहिल्या.

"अजून जाड हाय," अंजना म्हणाली.

त्यांनी पुन्हा घासले. तिने दुसरी फांदी तोडली.

"आता?"

"अजून."

राधाकिशन मान खाली घालून कानस चालवू लागले. लाकडाचा भुसा त्यांच्या गुडघ्यांवर पडत होता, आणि अंजना हात पुढे करून शेजारी उभी होती.