स्टेफान यांची सहाशे पावलं

परवा इथे इंग्लंडमध्ये, रीडिंग गावातल्या एका पोलिश दुकानात शेपूचा वास आला आणि नव्वदच्या सुमाराची, आमच्या हॅरोच्या घरातली एक दुपार आठवली. शेजारचे स्टेफान परसातली शेपूची जुडी घेऊन आले होते. पोलंडमधलं त्यांचं उपनगर महायुद्धात, ते नऊ वर्षांचे असताना सुटलं. आता पहिल्यांदाच ते तिकडे निघाले होते.

त्यांनी टेबलावर हाताने काढलेला नकाशा पसरला. नदी, वीटभट्टी, सफरचंदाच्या बागा, ट्रामचा शेवटचा थांबा.

"रस्त्यांची नावं आधी जर्मनांनी बदलली, मग नव्या सरकारनं. घर शोधायचं तर पावलंच खरी. भट्टीच्या चिमणीपासून सहाशे."

"ती लहान मुलाची पावलं," मी म्हणालो. "आता चारशेच भरतील. सहाशे चाललात तर घर मागे राहील."

"अहो, आधी चहा द्या त्यांना, गणित नंतर," बायको म्हणाली.

स्टेफान नकाशाकडे बघत राहिले. "इतकं जवळ होतं? आई फाटकात उभी असायची. मला वाटायचं, किती लांब उभी आहे."

मग ते उठले आणि आमच्या हॉलमध्ये छोटी छोटी पावलं मोजत चालू लागले. "तिथे असाच चालेन," ते म्हणाले. "सहाशेच."

मी हसलो. तसा हिशेब त्यांचाही बरोबर होता, घर तिथेच येत होतं. पण आज त्यांच्या वयाच्या जवळ आल्यावर कळतं, चारशे पावलांत म्हातारा पोचला असता. घरी जायचं होतं ते त्या मुलाला.